टेबलावरचा फोन सारखा चुकीच्या व्हीलॅनमध्ये जातोय? कुठून बघायला सुरुवात करायची

पुण्यात आणि आसपासच्या ऑफिसांचं नेटवर्क बघायचं काम करतो, आणि महिन्यातून एकदा तरी तोच निरोप येतो, "दादा, फोन परत मेले", आणि हे सांगायला त्या बिचाऱ्यांना स्वतःच्या मोबाईलवरून फोन करावा लागतो. दहातल्या सात-आठ वेळा फोन मेलेला नसतो, तो चुकीच्या व्हीलॅनमध्ये जाऊन बसलेला असतो. व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचवर (सगळ्या वायरी जोडायची रॅकमधली पेटी) पाडलेले वेगवेगळे कप्पे, एकातला माल दुसऱ्यात आपोआप जात नाही. इतक्या वेळा तेच तेच निस्तरलंय की आता क्रम ठरून गेलाय, तोच लिहून ठेवतो. उदाहरण म्हणून कॉम्प्युटरांचा व्हीलॅन १० आणि आयपी पत्त्यांची रेंज १९२.१६८.१० ची, फोनांचा व्हीलॅन २० आणि रेंज १९२.१६८.२० ची असं धरतो, तुमच्याकडे नंबर वेगळे असतील.

लक्षणं

- फोनला लाईट आहे, स्क्रीन येते, पण 'नो सर्व्हिस' किंवा 'रजिस्टर फेल' दाखवून तिथेच बसतो
- फोनच्या सेटिंगमध्ये आयपी बघितला तर तो कॉम्प्युटरांच्या रेंजचा, म्हणजे २० च्या जागी १० चा
- आयपी १६९.२५४ ने सुरू होतोय, किंवा ०.०.०.० आहे, म्हणजे फोनला पत्ता कोणी दिलेलाच नाही
- उलटा प्रकार, फोन मस्त चालतोय पण त्याच्या मागे लावलेल्या कॉम्प्युटरला फोनांच्या रेंजचा आयपी मिळालाय, त्यामुळे अकाउंटवाल्या ताईंची टॅली उघडत नाही आणि प्रिंटर सापडत नाही
- लाईट जाऊन आली की चार-पाच फोन बिघडतात, रीस्टार्ट केले की कधी येतात कधी नाही
- एका टेबलावर चालणारा फोन दुसऱ्या टेबलावर नेला की बंद

आणि हे यात मोडत नाही: फोन लागतो पण एकाच बाजूचा आवाज येतो, किंवा कॉल बरोबर तीसेक सेकंदांनी कट होतो. फोन रजिस्टर झालाय, एक्स्चेंजकडे त्याची नोंद झालीय, म्हणजे तो आपल्या जागी पोचलाय, त्या भानगडी बहुतेक राउटरमधल्या सिप एएलजीच्या (कॉलच्या पॅकेटांत ढवळाढवळ करणारी सोय) नाहीतर फायरवॉलच्या असतात, त्यासाठी स्विच खोदत बसू नका.

फोनला व्हीलॅन कळतो कसा

हे दोन मिनिटं समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं अंधारात दगड मारल्यासारखं होतं.

ऑफिसच्या फोनच्या पोटात एक छोटा स्विच असतो. एक पोर्ट भिंतीकडे, एक कॉम्प्युटरकडे, आणि एक आतल्या आत फोनसाठी. एकाच वायरवरून दोघांचा माल जातो. कॉम्प्युटरचा माल साधा, बिनचिठ्ठीचा. फोनने मात्र आपल्या प्रत्येक पॅकेटला व्हीलॅन २० ची चिठ्ठी लावायची असते, एसटीने पार्सल पाठवताना वर गावाचं नाव लिहितात तसं. ही चिठ्ठी म्हणजे ८०२.१क्यू टॅग. चिठ्ठी नसलेलं सगळं स्विच पोर्टच्या मूळ व्हीलॅनमध्ये टाकतो, म्हणजे १० मध्ये.

आता मुद्दा असा की नव्या कोऱ्या फोनला २० हा आकडा माहीत नसतो, तो त्याला कोणीतरी सांगावा लागतो. सांगायचे रस्ते मोजकेच. स्विच एलएलडीपी-एमईडी नाहीतर सिस्कोच्या सीडीपीमधून सांगतो (वायरीने जोडलेल्या शेजाऱ्याला माहिती सांगायच्या या दोन भाषा), किंवा आयपी वाटणारा डीएचसीपी सर्व्हर एखाद्या ऑप्शनमधून सांगतो, किंवा माणूस फोनच्या मेन्यूत हाताने भरतो. काही स्वस्त स्मार्ट स्विच फोनला काहीच सांगत नाहीत, ते फोनच्या मॅक ॲड्रेसच्या (कंपनीने दिलेला कायमचा नंबर) पहिल्या तीन जोड्या बघून स्वतःच ओळखतात की हा फोन आहे, त्याचा वेगळा वैताग आहे, तो खाली येईल.

म्हणून मी प्रत्येक वेळी तीनच गोष्टी शोधतो. फोनला सांगितलंच नाही का, सांगितलं पण फोनने ऐकलं नाही का, की ऐकलं, चिठ्ठीही लावली, पण पुढे रस्ताच नाही. खालचा क्रम फुकटच्या तपासणीपासून डोकेदुखीपर्यंत आहे.

१. फोनच्या स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचा

हसू नका, बहुतेक जण हे करतच नाहीत आणि थेट स्विचमध्ये घुसतात. फोनच्या मेन्यूत 'स्टेटस' किंवा 'नेटवर्क' मध्ये जा, आयपी आणि व्हीलॅन दोन्ही बघा, मोबाईलने फोटो काढून ठेवा.

आयपी १० च्या रेंजचा असेल तर फोनला व्हीलॅन कळलेलाच नाही, तो बिनचिठ्ठीचा बोलतोय. व्हीलॅन २० दाखवतोय पण आयपी नाही किंवा १६९.२५४ चा आहे, तर फोनने ऐकलंय, पुढचा रस्ता बंद आहे. आयपी २० चा बरोबर आलाय आणि तरी रजिस्टर होत नाही, तर व्हीलॅनचा विषय तिथेच संपला, एक्स्चेंजचा ॲड्रेस, युजर, पासवर्ड बघा. तीस सेकंदांच्या या वाचनाने अर्धा दिवस वाचतो कारण पहिल्या प्रकारात पायरी २ ते ६ बघायच्या आणि दुसऱ्यात सरळ ७ वर उडी मारायची.

सोबत हेही विचारा की एकच फोन बंद आहे, एका रांगेतले आहेत, का सगळ्या मजल्याचे. एकच असेल तर दोष टेबलाजवळ, अख्खा मजला असेल तर दोष रॅकमध्ये.

२. वायरी

टेबलाखाली वाका. फोनच्या मागे दोन भोकं सारखीच दिसतात, एकावर 'इंटरनेट' किंवा 'लॅन' लिहिलेलं, दुसऱ्यावर 'पीसी'. सफाई करताना निघालेली वायर परत खोचताना अदलाबदल होते आणि ती अक्षरं काळ्यावर काळी छापलेली, टॉर्चशिवाय दिसतच नाहीत. भिंतीकडची वायर पीसीच्या भोकात गेली की काही मॉडेलना आयपीच मिळत नाही.

याहून वाईट म्हणजे दोन्ही भोकांतल्या वायरी भिंतीत. कोणालातरी मोकळी वायर लोंबताना दिसते, शेजारी मोकळं सॉकेट दिसतं, आणि तो माणूस मदत म्हणून खोचतो. झाला लूप. स्विचला स्वतःचंच पॅकेट दुसऱ्या पोर्टवरून परत येतं. बीपीडीयू गार्ड (स्विचचा निरोप परत आला की पोर्ट बंद करणारी सोय) असेल तर पोर्ट एररमध्ये जाऊन बंद पडतो, नसेल आणि स्पॅनिंग ट्री, म्हणजे लूप तोडणारी सोय, तीही बंद असेल तर अख्खा मजला लोळतो. त्यामुळे मोकळी वायर दिसली की ती काढूनच टाका, लोंबती ठेवू नका.

मग अदलाबदल करून बघा. शेजारच्या टेबलावरचा चालू फोन इथे आणा, इथला बंद फोन तिथे न्या. बंद फोन तिथेही बंद तर दोष फोनमध्ये, चालू फोन इथे येऊन मेला तर दोष वायरीत किंवा पोर्टात. याला एक रुपया लागत नाही, स्विचचा पासवर्ड लागत नाही, आणि निम्मं जग बाद होतं. फक्त फोन लावल्यावर दोन-तीन मिनिटं थांबा, वीस सेकंदांत निकाल लावू नका.

३. टेबलाखालचा डबा

हा माझा आवडता गुन्हेगार. टेबलाला पोर्ट एक, माणसं तीन, म्हणून कोणीतरी बाजारातून पाच पोर्टांचा साधा स्विच आणून टेबलाखाली, कचऱ्याच्या डब्यामागे, एका ठिकाणी तर चक्क फॉल्स सीलिंगमध्ये ठेवलेला होता, ॲडॉप्टरसकट, आणि विचारलं तर सगळे म्हणतात आमच्याकडे असलं काही नाही.

का अडतं ते सांगतो. एलएलडीपीचं पॅकेट हे शेजाऱ्यापुरतंच असतं, नियमाने बघितलं तर मधल्या स्विचने ते पुढे सोडायचंच नसतं. काही स्वस्त डबे तरी सोडतात, काही गिळतात. म्हणून एका टेबलावर डबा लावूनही फोन चालतो आणि दुसऱ्या टेबलावर तसाच दिसणारा डबा लावला की बंद, आणि लोक म्हणतात फोनच खराब. सीडीपीचं पॅकेट मात्र असे डबे साधं मल्टिकास्ट, म्हणजे अनेकांसाठीचं पॅकेट, समजून सगळीकडे उधळतात, त्यामुळे सीडीपीवर चालणारे फोन डब्यामागेही चालून जातात आणि गोंधळ अजून वाढतो. चिठ्ठीवाली पॅकेटं बहुतेक डबे जशीच्या तशी पुढे ढकलतात, पण त्याचीही खात्री नाही.

तपासायला सोपं आहे, डबा बाजूला करा आणि फोन थेट भिंतीत लावा. चालला तर वाद संपला. डबा ठेवायचाच असेल तर फोन डब्याच्या आधी घ्या, म्हणजे भिंत, मग फोन, मग फोनच्या पीसी पोर्टमधून डबा.

४. फोनच्या पोटात जुना नंबर

दुसऱ्या शाखेतून आलेला, किंवा जुना विकत घेतलेला फोन असेल तर त्यात आधीच्या माणसाने हाताने व्हीलॅन भरलेला असू शकतो, समजा १००. तो बिचारा इमानदारीत १०० ची चिठ्ठी लावत बसतो, आणि तुमच्या स्विचवर १०० नावाचं गावच नाही. बऱ्याच फोनमध्ये एलएलडीपीतून आलेला आकडा हाताने भरलेल्याच्या वरचढ ठरतो, पण एलएलडीपी बंद असेल तर जुना आकडा डोकं वर काढतो, म्हणून असा फोन मुख्य ऑफिसात नीट चालतो आणि शाखेत मरतो.

मेन्यूत जाऊन 'व्हीलॅन' खाली भिंतीकडच्या पोर्टचा हाताने भरलेला आकडा काढा, 'एलएलडीपी' चालू आहे का बघा. पीसी पोर्टसाठी वेगळा व्हीलॅन असतो तोही बघा, कारण तिथे चुकून २० भरला असेल तर कॉम्प्युटरचा माल फोनच २० मध्ये ढकलतो, वर लक्षणांत लिहिलेला टॅलीवाला प्रकार. फॅक्टरी रीसेट हा शेवटचा इलाज, कारण त्यात एक्स्टेंशनचं युजर-पासवर्डही उडतं. ते लिहून ठेवलेलं नसेल तर रीसेट करू नका.

५. पोर्टचं सेटिंग, आणि ते सेव्ह केलंय का

इथून पुढे स्विचमध्ये लॉगिन लागतं. लॉगिन आहे पण आपण नक्की काय बदलतोय कळत नाही अशी अवस्था असेल तर फक्त बघा, बदलू नका.

सिस्कोच्या कॅटॅलिस्ट स्विचवर पोर्टखाली दोन ओळी हव्यात, 'स्विचपोर्ट ॲक्सेस व्हीलॅन १०' आणि 'स्विचपोर्ट व्हॉइस व्हीलॅन २०'. नेहमीची चूक म्हणजे फोन चालत नाही म्हणून कोणीतरी घाईत ॲक्सेस व्हीलॅनच २० करून ठेवतो. फोन लगेच चालतो, सगळे टाळ्या वाजवतात, आणि दोन दिवसांनी त्या टेबलावर कॉम्प्युटर लागला की तोही २० मध्ये. ही चूक मला दर दुसऱ्या ऑफिसात सापडते.

एचपी-अरुबाच्या जुन्या प्रोकर्व्ह जातीत भाषाच वेगळी, तिथे पोर्ट १० मध्ये अनटॅग्ड, २० मध्ये टॅग्ड आणि व्हीलॅन २० खाली 'व्हॉइस' असं लिहावं लागतं. आणि तिथे 'ट्रंक' म्हणजे दोन-चार वायरींची मोळी, अनेक व्हीलॅन एका वायरीवरून नेणारा सिस्कोवाला ट्रंक नव्हे. सिस्को शिकून आलेली पोरं इथे हमखास आपटतात.

वेब पेजवाल्या स्मार्ट स्विचमध्ये अजून एक खड्डा आहे, पीव्हीआयडी. पोर्ट कुठल्या व्हीलॅनचा सभासद आहे हे एका पानावर, आणि आत येणारा बिनचिठ्ठीचा माल कुठे टाकायचा, म्हणजे पीव्हीआयडी, हे दुसऱ्याच पानावर. सभासद १० चा केला आणि पीव्हीआयडी १ च राहिला तर कॉम्प्युटरचा माल जातो १ मध्ये आणि उत्तर येतं १० मधून, म्हणजे येतच नाही. दोन्ही पानं बघा.

आता सेव्हची गोष्ट. एका पतसंस्थेत दर शुक्रवारी सकाळी पाच फोन बंद. दर शुक्रवारीच. मी गेलो, पाच पोर्टांवर व्हॉइस व्हीलॅन नव्हता, टाकला, फोन आले, चहा घेऊन परत आलो. पुढच्या शुक्रवारी परत तेच, परत टाकला. तिसऱ्या वेळी मॅनेजर साहेब म्हणाले की गुरुवारी आमच्याकडे लाईट नसते ना, मेंटेनन्सची, युपीएस दुपारपर्यंत टिकतो मग सगळं बंद होतं. तेव्हा ट्यूब पेटली. ते पाच पोर्ट नंतर वाढवलेले होते आणि आधीच्या माणसाने सेटिंग केलं पण सेव्ह केलं नव्हतं, आणि पहिल्या दोन वेळा मीही केलं नव्हतं. स्विच बंद पडला की जुनं सेटिंग घेऊन उठायचा. 'राईट मेमरी' नाहीतर वेब पेजवर कोपऱ्यातलं 'सेव्ह कॉन्फिग', दोन सेकंदांचं काम. त्या दोन खेपांचे पैसे मी लावले नाहीत, लाजेकाजेस्तव.

६. सांगणारा बोलतोय का

पोर्ट बरोबर आहे, तरी फोन १० मध्ये. मग स्विच फोनला आकडा सांगतोय का ते बघायचं. कॅटॅलिस्टवर सीडीपी सुरुवातीपासून चालू असतं पण एलएलडीपी बंद असतं, ते 'एलएलडीपी रन' लिहून चालू करावं लागतं. फोनही सिस्कोचे असतील तर कळतही नाही, सगळं सीडीपीवर चालून जातं. मग बजेटमध्ये बसतात म्हणून दुसऱ्या कंपनीचे वीस फोन येतात, त्यातल्या ज्यांना सीडीपी कळत नाही किंवा ज्यांच्यात ते बंद आहे ते सगळे १० मध्ये जाऊन बसतात आणि शिव्या फोनवाल्याला पडतात.

'शो एलएलडीपी नेबर्स' लिहून बघा, त्या पोर्टवर फोनचं नाव दिसायला हवं. दिसत नसेल तर एक तर फोनमध्ये एलएलडीपी बंद, नाहीतर मध्ये वर सांगितलेला डबा. एलएलडीपी साधारण दर ३० सेकंदांनी बोलतं, आणि स्विच आधी साधंच बोलतो, फोनने एमईडी बोलून दाखवलं की मगच व्हीलॅनचा आकडा सांगतो. म्हणून फोनला थोडा वेळ द्या असं वर म्हटलं.

इथेच स्पॅनिंग ट्रीही बघून घ्या. पोर्टला 'पोर्टफास्ट' किंवा 'एज' (पोर्ट न थांबता लगेच चालू करणारं सेटिंग) लावलेलं नसेल तर जुन्या पद्धतीत पोर्ट १५ अधिक १५ असे ३० सेकंद नुसता ऐकत-शिकत बसतो, माल सोडत नाही. तेवढ्यात काही फोन आयपी मागून मागून कंटाळतात. लाईट आल्यावर काही फोन येतात काही नाही, असा लॉटरी प्रकार असेल तर हे आधी बघा. फोनच्या पोर्टला पोर्टफास्ट लावा, दोन स्विच जोडणाऱ्या पोर्टला चुकूनही नाही.

मॅकवरून ओळखणाऱ्या स्मार्ट स्विचवाल्यांनी 'व्हॉइस व्हीलॅन' च्या पानावर 'ओयूआय' ची यादी उघडा. मॅक ॲड्रेसचे पहिले २४ बिट कंपनीचे असतात. स्विचच्या यादीत ठराविक जुन्या कंपन्यांचे आकडे भरलेले येतात, आणि एकाच कंपनीचे आकडे अनेक असतात. यीलिंकचे जुने फोन ००-१५-६५ ने सुरू होतात, नंतरचे ८०-५ई-सी० ने. ग्रँडस्ट्रीमचे ००-०बी-८२ आणि सी०-७४-एडी. त्यामुळे त्याच कंपनीचे, त्याच मॉडेलचे दोन फोन, जुना ओळखला जातो आणि नवा नाही. फोनच्या मागचं स्टिकर वाचा, पहिले सहा आकडे-अक्षरं यादीत नसतील तर भरा.

मग 'शो मॅक ॲड्रेस-टेबल' मध्ये त्या पोर्टवर फोनचा मॅक कुठल्या व्हीलॅनमध्ये दिसतोय ते बघा. थोडा वेळ १० आणि २० दोन्हीकडे दिसला तर घाबरू नका, फोन सुरुवातीला बिनचिठ्ठीचा बोलतो, त्याची ती जुनी खूण असते, साधारण ३०० सेकंदांत पुसली जाते.

७. पुढे रस्ता आहे का

फोन २० दाखवतोय, स्विचही २० मध्ये बघतोय, आयपी मात्र नाही. म्हणजे मजल्यावरच्या स्विचपासून मुख्य स्विचपर्यंत २० चा रस्ता तुटलाय. दोन्ही टोकांना बघा, २० ट्रंकमध्ये सोडलाय का, आणि मधल्या प्रत्येक स्विचवर २० बनवलेला आहे का. तीन स्विच एका मागे एक असतील तर मधल्यावर विसरतात, कारण त्याच्यावर एकही फोन नसतो म्हणून कोणाच्या डोक्यात येत नाही.

बदल करताना मात्र सांभाळून. सिस्कोवर 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ॲड २०' यातला 'ॲड' हा शब्द विसरलात तर २० वाढत नाही, बाकी सगळे उडून फक्त २० राहतो. मी हे केलंय. घरी बसून रिमोटने, सकाळी अकरा वाजता, एका चालू कारखान्यात. ज्या व्हीलॅनमधून मी आत शिरलो होतो तोही उडाला, स्विच हातातून गेला, आणि भर पावसात चाकणपर्यंत गाडी काढली. तेव्हापासून आधी 'रीलोड इन १०' लिहितो, मग बदल. स्विचशी संपर्क तुटला तर दहा मिनिटांत स्विच आपोआप रीस्टार्ट होऊन सेव्ह केलेल्या सेटिंगवर येतो, आणि सगळं ठीक असेल तर 'रीलोड कॅन्सल' करून मग सेव्ह. हा क्रम उलटा करू नका.

८. डीएचसीपी

रस्ता आहे, तरी आयपी नाही. २० चा स्कोप, म्हणजे वाटायच्या पत्त्यांचा साठा, बनवलाय का, आणि सर्व्हर १० मध्ये असेल तर २० च्या गेटवेवर रिले, म्हणजे सिस्कोच्या भाषेत 'आयपी हेल्पर-ॲड्रेस', लावलाय का. रिलेशिवाय फोनची हाक व्हीलॅनच्या बाहेर जातच नाही. स्कोप भरलाय का तेही बघा. /२४ मध्ये २५४ पत्ते असतात, गेटवे आणि राखीव सोडून उरतात त्याहून कमी.

एक छुपी गोष्ट, जिथे व्हीलॅनचा आकडा डीएचसीपीतून सांगतात तिथे प्रत्येक फोन आधी १० मध्ये एक आयपी घेतो, ऑप्शन वाचतो, मग २० मध्ये जाऊन दुसरा घेतो. काही फोन पहिला परत देत नाहीत. दीडशे फोन असतील तर १० च्या स्कोपमधले दीडशे पत्ते फुकट अडकतात आणि मग एखाद्या सोमवारी कॉम्प्युटरनाच आयपी मिळत नाही, फोन मात्र मजेत. ऑप्शनचा आकडाही प्रत्येक कंपनीचा वेगळा, यीलिंक आणि ग्रँडस्ट्रीम १३२ बघतात, अवाया २४२, त्यामुळे फोन बदलले की जुना ऑप्शन उपयोगाचा नाही. शक्य असेल तर एलएलडीपीच वापरा.

डीएचसीपी स्नूपिंग (परक्या डीएचसीपीची उत्तरं अडवणारी सोय) २० वर चालू असेल तर वरच्या दिशेचा पोर्ट 'ट्रस्ट' हवा, नाहीतर सर्व्हरचं उत्तर स्विच दारातच फेकून देतो. आणि आयपी आलाय पण १९२.१६८.०.१ सारख्या घरगुती गेटवेचा, तर कोणीतरी वायफायसाठी घरचा राउटर आणून लावलाय, त्याच्या लॅन पोर्टात वायर खोचून. तो शोधायचा, बहुतेक केबिनमध्ये सापडतो.

९. पोर्टावरचे पहारेकरी

पोर्ट सिक्युरिटीत, म्हणजे एका पोर्टवर किती मॅक चालतील या बंधनात, मॅकची मर्यादा १ असेल तर फोन आणि कॉम्प्युटर मिळून ती मोडणारच, शिवाय फोनचा मॅक दोन व्हीलॅनमध्ये दोनदा मोजला जाऊ शकतो. मी ३ ठेवतो. पोर्ट एररमध्ये गेला असेल तर कारण दूर करून मग बंद-चालू करा, नुसता बंद-चालू केला तर परत जाईल. ८०२.१एक्स, म्हणजे ओळख पटवूनच पोर्ट उघडायची पद्धत, असेल तर स्विचवरचं सेटिंग पुरत नाही, ओळख तपासणाऱ्या रेडियस सर्व्हरनेही सांगावं लागतं की हा फोन आहे, त्याला व्हॉइसमध्ये घ्या. ते नाही सांगितलं तर फोनचा पासवर्ड-सर्टिफिकेट बरोबर असूनही तो कॉम्प्युटर म्हणून मोजला जातो.

शेवटचा इलाज म्हणजे पोर्ट मिरर करून (त्याच्या मालाची नक्कल दुसऱ्या पोर्टवर घेऊन) वायरशार्क, म्हणजे पॅकेटं उघडून दाखवणारं सॉफ्टवेअर, लावणं. लावणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवा. लॅपटॉपचं नेटवर्क कार्ड बऱ्याचदा चिठ्ठी वाचून काढून टाकतं, मग वायरशार्कमध्ये टॅग दिसतच नाही आणि आपण उगाच फोनवर संशय घेतो. आणि फोन काढून त्याजागी लॅपटॉप लावून एलएलडीपी बघितलं तर व्हॉइसचा आकडा दिसणार नाही, कारण लॅपटॉप एमईडी बोलत नाही. फोन लावलेला असतानाच मिरर करा.

कुठे थांबायचं

पायरी १ ते ४ ऑफिसातलं कोणीही करू शकतं. ५ आणि ६ ज्याला स्विच कळतो त्याने, एका पोर्टवर, ऑफिस सुटल्यावर. ७ पासून पुढे रोजचा सराव नसेल तर थांबा आणि नेटवर्कवाल्याला बोलवा. मुख्य स्विच, स्पॅनिंग ट्रीचा रूट, रेडियस, फायरवॉल यातलं काही बदलायची वेळ आली तर नक्कीच. स्विच बिल्डिंगच्या मालकाचा किंवा इंटरनेट देणाऱ्या कंपनीचा असेल तर लॉगिन सापडलं तरी हात लावू नका. एकापेक्षा जास्त स्विचवरचे फोन एकदम गेले, किंवा स्विचचे सगळे दिवे एका तालात भराभर लुकलुकतायत आणि काहीच उघडत नाही, तर तो लूप आहे, शेवटची लावलेली वायर काढा आणि लगेच फोन करा. फोन मध्येच स्वतःहून रीस्टार्ट होत असतील तर पीओईचं, म्हणजे नेटवर्कच्या वायरीतूनच दिल्या जाणाऱ्या विजेचं, एकूण बजेट संपलेलं असू शकतं, साध्या ८०२.३एएफ मध्ये एका पोर्टला जास्तीत जास्त १५.४ वॅट, पण चोवीस पोर्टांना एकदम तेवढी वीज द्यायची ताकद प्रत्येक स्विचमध्ये नसते, तिथे सेटिंग नाही, स्विच बदलावा लागतो. आणि काहीही झालं तरी स्विचचं रीसेट बटण पिनेने दाबू नका, ते दाबून झाल्यावर आलेले फोन मी जास्त पैसे लावून घेतो.

बोलवाल तेव्हा एवढं तयार ठेवा: फोनच्या स्क्रीनचा तो फोटो, फोनमागच्या स्टिकरवरचा मॅक, भिंतीतल्या सॉकेटचा नंबर आणि रॅकमध्ये तो कुठल्या पोर्टात जातो, अदलाबदलीत काय दिसलं, आणि गेल्या आठवड्यात ऑफिसात काय काय हललं, नवीन टेबल, रंगकाम, लाईट जाणं, काहीही. शेवटचं उत्तर नेहमी "काहीच नाही" असं येतं, म्हणून ते शिपाई काकांनाही विचारून ठेवा.